हेट्राझान, सुब्बाराव आणि वाढलेल्या इओसिनोफिलचे कोडे

पालघर हा राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. सामूहिक औषधोपचार मोहिमेच्या दिवसांत इथल्या पाड्यापाड्यांवर आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य कर्मचारी घरोघर जातात, वय विचारतात, गोळ्या हातावर ठेवतात आणि समोरच गिळायला सांगतात. त्यातली एक गोळी डीईसीची, म्हणजे डायइथिलकार्बामाझिनची. जुन्या पिढीतले डॉक्टर तिला हेट्राझान म्हणत. हेच औषध आणखी एका प्रकारच्या रुग्णाला दिले जाते. त्याला हत्तीपाय झालेला नसतो. त्याला रात्री कोरड्या खोकल्याची उबळ येते, धाप लागते, वजन घटते आणि रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल नावाच्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसतात.

पायाला सूज आणणारा रोग आणि रात्रीचा खोकला या दोन्हींवर एकच औषध कसे, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मिळायला अनेक वर्षे लागली आणि त्यात अनेकांचा हात होता. औषध मात्र ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. गोळी गिळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असते.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरम येथे झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशात आहे, तेव्हा ते मद्रास इलाख्यात होते. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, पण प्रकृतीमुळे त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले. घरात सात भावंडे आणि पैशांची ओढाताण. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. तेराव्या वर्षी त्याने घर सोडून काशीला जायचे आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसा कमवायचा, असा बेत केला. आईने त्याला परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिकची परीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात मद्रासमधून उत्तीर्ण झाला.

तरुणपणी त्यांच्या मनाने रामकृष्ण मिशनची ओढ घेतली होती. संन्यास घ्यायला आईने परवानगी दिली नाही. वैद्यक शिकून सेवा करता येईल, या विचाराने ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पुढे लग्न झाले आणि शिक्षणाला सासऱ्यांची मदत मिळाली. तो असहकाराचा काळ होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. अखेर त्यांच्या हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी पडली आणि सरकारी वैद्यकीय सेवेची वाट बंद झाली.

त्याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या रोगाने गेले. उष्ण प्रदेशातल्या या आतड्याच्या रोगात जुलाब थांबत नाहीत, खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि माणूस खंगतो. स्वतः सुब्बाराव यांनाही त्याने गाठले. मद्रासचे डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले आणि तिथल्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. उष्ण कटिबंधातल्या रोगांना कारणे असतात, ती शोधली तर औषधेही सापडतील, हा ध्यास त्यांना लागला तो याच काळात.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला निघाले. प्रवासासाठी सासऱ्यांचे आणि काकीनाडाच्या एका धर्मादाय संस्थेचे पैसे होते. पत्नी शेषगिरी मायदेशी राहिल्या. मुलगा तान्हेपणीच दगावला. पती-पत्नींची पुन्हा कधी भेट झाली नाही. हार्वर्डमध्ये त्यांनी उष्ण कटिबंधीय रोगांचा अभ्यासक्रम पुरा केला. एलएमएस पदवीवर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नव्हती, म्हणून पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीला रुग्णांची भांडी साफ करण्याचे काम धरले.

नंतर ते सायरस फिस्क यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत आले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. ती फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. त्याच वाटेने स्नायूंमधले फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि पेशींच्या कामाला ऊर्जा पुरवणारे एटीपीही. एवढे होऊनही हार्वर्डमध्ये कायम प्राध्यापकपद मिळाले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

याच वर्षांत भारतात, त्यांच्या नजरेपासून फार दूर, डॉक्टर एका वेगळ्याच खोकल्याने बुचकळ्यात पडले होते. ते कोडे समजण्यासाठी इओसिनोफिलची ओळख करून घ्यायला हवी.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. त्या वेगवेगळ्या ओळखायची युक्ती पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने काढली. रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून त्यावर रंग टाकला, की निरनिराळ्या पेशी निरनिराळा रंग पकडतात. त्यातल्या काही पेशींतले बारीक कण इओसिन हा तांबूस रंग हटकून शोषून घेत. १८७९ मध्ये एर्लिख यांनी त्यांचे वर्णन केले, आणि इओसिनवर प्रेम करणारी पेशी म्हणून इओसिनोफिल हे नाव पडले.

या पेशींचा मुक्काम रक्तात थोडे तासच असतो. बहुतेक काळ त्या आतड्याच्या अस्तरात आणि इतर ऊतींमध्ये असतात. एखादा जिवाणू पांढऱ्या पेशीला गिळता येतो, पण जंत गिळता येत नाही, तो पेशीच्या मानाने प्रचंड असतो. अशा वेळी इओसिनोफिल जंताला चिकटतात आणि आपल्या कणांतली विषारी द्रव्ये त्याच्यावर ओततात. ॲलर्जीतही त्या धावून येतात, आणि तिथे मारायला कोणी नसल्यामुळे इजा आपल्याच श्वासनलिकेला किंवा त्वचेला होते. म्हणून अहवालातला वाढलेला आकडा हा स्वतः रोग नसतो. शरीर कशाला तरी उत्तर देत आहे, एवढेच तो सांगतो. कशाला, ते शोधावे लागते.

१९४० मध्ये मद्रास इलाख्यातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातून फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची छातीची छायाचित्रे क्षयासारखी दिसत, पण क्षयाचे जंतू सापडत नसत, आणि रक्तात इओसिनोफिल मात्र बेसुमार असत. १९४३ मध्ये मुंबईच्या डॉ. वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशाच ८१ रुग्णांचे वर्णन केले आणि या विकाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिले. रात्रीचा खोकला, दम्यासारखी घरघर, बारीक ताप. त्यांनी दिलेले औषध होते निओआर्सफेनामिन, म्हणजे उपदंशावरचे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन. गंमत अशी, की तेही एर्लिख यांच्याच प्रयोगशाळेतून आलेले. रुग्ण सुधारत, पण आर्सेनिक ते आर्सेनिकच, त्याचे दुष्परिणाम सोसावे लागत. आणि रोग नेमका कशाने होतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

पर्ल रिव्हरला सुब्बाराव यांच्यासमोर दुसरेच काम होते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर उतरलेल्या हजारो अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाच्या कृमींची लागण झाली होती. डास चावतो, त्याच्याबरोबर कृमींच्या अळ्या अंगात शिरतात, त्या लसिकावाहिन्यांत वाढतात आणि मायक्रोफायलेरिया नावाची सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतात. त्यांच्यावर आर्सेनिक आणि अँटिमनीची जहाल औषधे सोडली तर हाती फारसे काही नव्हते. तोंडाने घेता येईल आणि माणसाला झेपेल असे औषध हवे होते. सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी संयुगे बनवायची आणि हेविट यांच्या गटाने ती कृमींची लागण झालेल्या कॉटन रॅट जातीच्या उंदरांवर आणि कुत्र्यांवर तपासायची, असे काम चालले. पायपरेझिन या कुळातल्या एका संयुगाने प्राण्यांच्या रक्तातली सूक्ष्म पिल्ले झपाट्याने कमी केली. १९४७ मध्ये ते हेट्राझान नावाने जगापुढे आले. प्वेर्तो रिकोतल्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांतही ते उपयोगी ठरले.

पुढे या औषधाचा एक विशेष लक्षात आला. प्रयोगशाळेतल्या नळीत मायक्रोफायलेरियांवर ते टाकले तर फारसे काही घडत नाही. शरीरात मात्र ते काही तासांत परिणाम दाखवते, कारण कृमींना मारायचे बरेचसे काम शरीराच्या संरक्षक यंत्रणेकडूनच होते. औषध तिला वाट मोकळी करून देते.

त्याच काही वर्षांत सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. स्प्रूमधल्या रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्याच्यावरचे औषध त्यांच्या देखरेखीखाली घडले. फॉलिक आम्लाला विरोध करणारे अमिनोप्टेरिन त्यांच्याच गटाने बनवले आणि सिडनी फार्बर यांनी ते बोस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. १९४८ मध्ये त्या मुलांत तात्पुरता उतार पडल्याचे जाहीर झाले. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही बेंजामिन डगर यांनी याच प्रयोगशाळेत शोधले.

सुब्बाराव स्वतः पुढे येत नसत. निबंधांवर सहकाऱ्यांची नावे ठळक असत आणि समारंभात ते मागच्या रांगेत बसत. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, ८ आणि ९ तारखांमधल्या रात्री, झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. स्वतंत्र भारत पाहायचे राहून गेले. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

मुंबईच्या खोकल्याचे कोडे त्यांच्या पश्चात सुटले. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी ट्रॉपिकल इओसिनोफिलियाच्या रुग्णांना हेट्राझान देऊन पाहिले आणि खोकला थांबला, इओसिनोफिल खाली आले. कृमींवरचे औषध लागू पडते, म्हणजे मुळाशी कृमी असणार, हा तर्क बळावला. पण या रुग्णांच्या रक्तात, अगदी मध्यरात्री घेतलेल्या नमुन्यातही, मायक्रोफायलेरिया सापडत नसत. १९६० मध्ये वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी रुग्णांच्या फुप्फुसाचे आणि इतर अवयवांचे तुकडे तपासले, तेव्हा ती पिल्ले तिथे दिसली. काही माणसांचे शरीर त्यांच्यावर इतके तुटून पडते, की ती रक्तात फिरण्याआधीच फुप्फुसात अडकून मरतात आणि ही लढाई खुद्द फुप्फुसालाच जखमी करते. हत्तीपाय आणि रात्रीचा खोकला, दोन्हींचे मूळ एकच होते.

डहाणू-तलासरीच्या रुग्णाला या इतिहासाचा उपयोग काय? पहिला उपयोग आकडा वाचण्याचा. अहवालात इओसिनोफिल टक्क्यांत छापलेले असतात आणि टक्का फसवतो. एकाच्या पांढऱ्या पेशी ४,५०० आणि इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे ३६०. दुसऱ्याच्या पेशी १२,००० आणि टक्का तोच, म्हणजे ९६०. साधारण ५०० पर्यंतचा आकडा नेहमीचा धरतात. पहिला माणूस ठीक आहे, दुसऱ्याचे कारण पाहायला हवे. आकडा १,५०० च्या वर टिकून राहिला तर हृदय, फुप्फुस, मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते, म्हणून नीट तपासणी लागते. ट्रॉपिकल इओसिनोफिलियात तो बहुधा ३,००० च्या वर असतो.

दुसरा उपयोग कारण शोधण्याचा. पावसाळ्यात भातलावणीला चिखलात अनवाणी उतरलेल्या माणसाला हुकवर्म म्हणजे अंकुशकृमीची लागण होऊ शकते. दूषित मातीतल्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात येतात, तिथून घशात आणि मग आतड्यात उतरतात. या प्रवासात इओसिनोफिल चढतात, थोडा खोकलाही येतो. आतड्यात पोचलेले कृमी रक्त पितात आणि पंडुरोग होतो. गोल जंतांच्या अळ्याही फुप्फुसातून जातात. दमा, ॲलर्जीची सर्दी, इसब ही कारणे शहरात तशी गावातही असतात. फिटच्या काही गोळ्या, काही प्रतिजैविके यांनीही आकडा वाढतो, आणि अशा वेळी अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज आली तर तातडीने रुग्णालय गाठावे. रक्ताचे विकार हे कारण क्वचित असते. उलट मलेरियात किंवा अमिबाच्या आवेत इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर खापर फोडून चालत नाही.

म्हणून डॉक्टर विचारतात, कोणती औषधे चालू आहेत, खोकला कधी येतो, शेतात काय घालून काम करता, पूर्वी दमा होता का. शौचाची तपासणी एकदा जंत न दाखवता गेली तर पुन्हा करावी लागते, कारण अळ्या प्रवासात असताना अंडी शौचात उतरलेली नसतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी झालीच पाहिजे, इओसिनोफिल वाढलेले असोत वा नसोत. मदनपल्लीला क्षय समजून इओसिनोफिलियाचे रुग्ण ठेवले होते. इओसिनोफिलिया समजून क्षय अंगावर काढला, तर ती चूक जिवावर बेतते.

एक धोका विशेष सांगायला हवा. आकडा पाहून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या घेणे. स्टिरॉइडने इओसिनोफिल दोन-तीन दिवसांत खाली येतात, अहवाल सुधारतो आणि रोग गेला असे वाटते. पण स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी अनवाणी पायांतूनच शिरतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. स्टिरॉइडने शरीराचा पहारा उठला, की तो बेसुमार वाढून सर्वांगात पसरतो आणि रुग्ण दगावू शकतो. दम्यासाठी किंवा अन्य विकारासाठी स्टिरॉइड अनेकदा गरजेचे असते, पण ते डॉक्टरांनी या कृमीचा विचार करूनच द्यायचे औषध आहे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्यासारखे ते नाही.

मोहिमेतल्या गोळ्यांबद्दलही गैरसमज आहे. मोहिमेतला एकदाच दिलेला डोस हा ट्रॉपिकल इओसिनोफिलियावरचा उपचार नव्हे. त्यासाठी डीईसी साधारण तीन आठवडे, वजनानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. अर्धवट सोडले किंवा वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले, तर फुप्फुसे कायमची आक्रसतात. मोहिमेचा हेतू वेगळा आहे. ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया आहेत तो माणूस बहुधा धडधाकट दिसतो. डास त्याला चावून दुसऱ्याला चावतो आणि रोग पुढे जातो. ही साखळी तोडायची तर निरोगी वाटणाऱ्यांनीही गोळी घ्यावी लागते. दोन वर्षांखालची बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना ती देत नाहीत. गोळीनंतर कोणाला ताप, डोकेदुखी, मळमळ झाली, तर बहुतेक वेळा ती मरणाऱ्या कृमींमुळे असते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. नाही ओसरली तर आरोग्य केंद्रात दाखवावे.

सुब्बाराव यांनी हेट्राझानवर काम केले तेव्हा त्यांच्यापुढे सैनिक होते. तलासरीच्या पाड्यावरचा रात्रभर खोकणारा शेतमजूर त्यांच्या कल्पनेत असण्याचे कारण नव्हते. तरी औषध त्याच्यापर्यंत पोचले आहे, आणि मोहिमेत ते फुकट मिळते. रात्रीचा कोरडा खोकला महिनाभर थांबत नसेल, तर नुसते खोकल्याचे औषध न घेता एकदा रक्त, थुंकी आणि शौच तपासून घ्यावे. आणि दारात हत्तीरोगाची गोळी आली, तर जेवण झाल्यावर, कर्मचाऱ्याच्या समोर, ती गिळावी.